डोमेग्रामच्या म्हाताऱ्या आणि हरवलेली पोथी

मंडळी, मागच्या भाषणानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, की आयर्लंडमधल्या ड्रुइडांचं आणि जोगिणींचं जे गूढ सांगतात, तसं काही आपल्याकडे नगर जिल्ह्यात सापडतं का? प्रश्न गमतीने विचारलेला होता. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की सापडतं. आणि तेही गोदावरीच्या काठावर, श्रीरामपूर तालुक्यातल्या कमालपुरात! म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवतो.

आधी आयर्लंडचं उरकून घेऊ. ड्रुइड म्हणजे केल्टिक लोकांचे पुरोहित, न्यायाधीश, पाठांतर करणारे विद्वान. त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त माहिती कोण देतो, तर त्यांच्या प्रदेशावर चालून गेलेला ज्युलियस सीझर. तो लिहितो की हे लोक काही वेळा वीस वीस वर्षं शिकतात, आणि आपली विद्या लिहून ठेवणं त्यांना योग्य वाटत नाही. झालं! लिहिलं नाही, त्यामुळे शत्रूने लिहिलं तेवढंच उरलं. पुढे तिथे ख्रिस्ती धर्म आला. किल्डेर नावाच्या गावी संत ब्रिजिदचा मठ उभा राहिला. तिची आई एका ड्रुइडाच्या घरी दासी होती असं तिची चरित्रं सांगतात. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड तिकडे गेला आणि त्याने लिहून ठेवलं की इथल्या जोगिणी एक अग्नी अखंड जागता ठेवतात, एकोणीस जणी पाळीपाळीने, आणि विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिद. कुंपणाच्या आत पुरुषाला मज्जाव. आता हा अग्नी ड्रुइडांकडून आलेला की जोगिणींनीच पेटवलेला? सातव्या शतकात कोगितोसस या भिक्षूने ब्रिजिदचं चरित्र लिहिलं, किल्डेरच्या चर्चचं वर्णन अगदी बारकाईने केलं, पण अग्नीचं नाव काढलेलं नाही. लोक अजून वाद घालतायत. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. त्या एकोणीस जणींपैकी एकीचंही तोंडचं वाक्य आपल्याकडे नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा आणि आता कमालपूरला चला.

कमालपूर म्हणजे महानुभावांचं डोमेग्राम. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा इथे मोठा मुक्काम झाला. वर देवगिरीला यादवांचं राज्य, आधी महादेवराय, मग १२७१ पासून रामदेवराय. राज्याच्या कारभारात हेमाद्री, म्हणजे ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो तो. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रतांचा, दानांचा, श्राद्धांचा अवाढव्य ग्रंथ त्याचा. आणि खाली गोदावरीकाठी हे स्वामी, जे सांगत होते की परमेश्वर एकच, बाकी देवतांची पूजा मोक्ष देत नाही. व्रतवैकल्यांचा सगळा पसाराच त्यांनी बाजूला सारला. म्हणजे भांडण कुठे होतं ते कळतं.

स्वामींभोवती जी माणसं जमली, त्यात बायका किती होत्या हे पाहिलं की आजही माणूस चकित होतो. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधा. यातल्या आबाइसा नागदेवाचार्यांच्या आई, उमाइसा त्यांची बहीण. बऱ्याचशा विधवा किंवा घर सोडलेल्या. स्वामी त्यांना संन्यास देत होते, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा स्वामींनी सांगितलं की शरीराच्या नऊ द्वारांतून जसे बाकीचे मळ येतात तसंच हे, त्यात विटाळ कसला. हे आपण तेराव्या शतकाबद्दल बोलतोय! मात्र एवढ्यावरून त्यांना आजच्या अर्थाने सुधारक करून टाकायचं कारण नाही. सूत्रपाठात पुरुष भिक्षूंना असा कडक नियम आहे की चित्रातल्या स्त्रीकडेही बघू नये. दोन्ही गोष्टी एकाच परंपरेत आहेत, दोन्ही मोजायला हव्यात.

महदाइसा, म्हणजे महदंबा, सतत काही ना काही विचारत राहायच्या. ही म्हातारी विचारल्याशिवाय राहत नाही, अशा अर्थाचं कौतुक परंपरेने जपून ठेवलंय. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून 'धवळे' रचणाऱ्या याच.

ह्या डोमेग्रामला एक दिवस जवळच्या सराळ्याचे म्हाइंभट आले. मोठे पंडित, घरची सुबत्ता, आणि वाद जिंकायची सवय. स्वामींशी वाद घातला आणि हरले. मराठीतला पहिला गद्यचरित्रकार आपल्या जिल्ह्यातला, आणि त्याची सुरुवात पराभवातून झाली. (हशा.) हसू नका, पुढे त्यांनी जे काम केलं ते जिंकणाऱ्या माणसाला सुचलं नसतं.

आता गूढ. १२७४ च्या सुमारास स्वामी दिसेनासे झाले. पंथाची श्रद्धा अशी की ते उत्तरापंथे, उत्तरेकडे निघून गेले आणि आजही आहेत. लीळाचरित्राच्या उत्तरार्धात त्याआधी पैठणच्या सभेची हकीकत येते. विद्वान जमले, स्वामींना बोलावून घेतलं, प्रश्न विचारले. त्या प्रश्नांत बायकांचा विषय होताच. काही प्रतींमध्ये याच्यापुढे शारीरिक शिक्षेचा, आणि नंतर शिरच्छेदाचासुद्धा उल्लेख येतो, तोही असा की त्यानंतर स्वामी उठून उत्तरेकडे गेले. बाकी प्रतींत हे नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेलं लीळाचरित्र प्रसिद्ध झालं, त्यात हा भाग आला, आणि पंथीयांच्या भावना फार दुखावल्या. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. त्या वादात आम्हाला शिरायचं नाही. एक बाजू म्हणते विरोधकांनी घुसडलं, दुसरी म्हणते भक्तांनी गाळलं. दोघंही पोथीकडे बोट दाखवतात. आम्हाला विचारावंसं वाटतं ते वेगळंच. पोथी कोणाच्या तोंडून आली?

स्वामी गेल्यावर मंडळी विदर्भात रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे जमली. तिथे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विनंती केली, की स्वामींच्या सगळ्या आठवणी सांगा, मी लिहितो. वाजेश्वरीच्या देवळात बसून हे काम चाललं. पण नागदेवाचार्यांवर ते थांबले नाहीत. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला त्याच्याकडे जाऊन विचारायचं, असा त्यांचा परिपाठ होता. आणि ज्यांच्यासमोर घडला त्यात बायका भरपूर. स्वामी काय जेवले, कुठल्या झाडाखाली बसले, कोण रुसलं, कुणाला काय बोलले, हे सगळं या बायकांना लख्ख आठवत होतं. हजाराहून अधिक लीळा अशा जमल्या. १२७८ च्या आसपासचं हे काम, नेवाशाच्या ज्ञानेश्वरीच्या साधारण बारा वर्षं आधीचं.

आणि मग पोथी हरवली.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांची धामधूम सुरू झाली, पंथात तिला खालशाची धाड म्हणतात. त्यात मूळ प्रत गेली. ड्रुइडांच्या बाबतीत इथे कथा संपली असती. इथे संपली नाही, कारण हिराइसा होत्या. नागदेवाचार्यांच्या परिवारातल्या या तपस्विनींची स्मरणशक्ती विलक्षण होती, ऐकलेलं जसंच्या तसं त्यांना पाठ असायचं. त्यांनी जे सांगितलं तो हिराइसापाठ. रामेश्वरबास, परशरामबास यांचे पाठ वेगळे. मग ते एकमेकांशी ताडून पाहिले गेले.

इथे आम्हाला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. लीळाचरित्र वाचताना मध्येच 'एकी वासना' असे शब्द येतात. वासना म्हणजे इथे इच्छा नव्हे, आठवण. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी. एखाद्या लीळेत गावाचं नाव वेगळं, माणूस वेगळा, तर तो फरक पुसून टाकला नाही, शेजारी नोंदवून ठेवला. हिराइसांचं म्हणणं वेगळं असेल तर ते हिराइसांच्या नावाने. सातशे वर्षांपूर्वी एका बाईची साक्ष तिच्या नावासकट, पुरुष आचार्यांच्या साक्षीच्या बरोबरीने मांडली गेली. किल्डेरच्या एकोणीस जणींना हे मिळालं नाही.

म्हणून शेवटच्या प्रसंगाबद्दल आमचं मत एवढंच, की ज्या परंपरेने झाडाच्या नावावरचे मतभेदसुद्धा राखले, तिच्याच पद्धतीने हाही मतभेद राखता येतो. 'एकी वासना' म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यात श्रद्धेचं काही उणं होत नाही आणि इतिहासाचंही नाही. कुणाला हे पळवाट वाटेल. वाटू द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा साक्षीपुरावा होता तर शाळेत आम्हाला का नाही शिकवला? त्याचं कारण कुलूप. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली मुख्य, रवळोबासांनी केलेली असं मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, काही ठिकाणी नुसत्या खुणा. ड्रुइडांनी लिहिलंच नाही, आपल्याकडच्यांनी लिहिलं आणि किल्ली कमरेला खोचली. पवित्र वचनं परक्या हाती पडून बिघडू नयेत, हा हेतू. परिणाम असा की बाहेरच्या लोकांना काय लपवलंय कोण जाणे असं वाटायला लागलं. 'मानभावी' हा शब्द आपण ढोंगी माणसासाठी किती सहज वापरतो! तो या संशयातून आला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, १९३६ पासून ह. ना. नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्र भागाभागाने छापलं, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातीची पानं नव्याने लिहावी लागली. तोवर महदाइसा आणि हिराइसा मठांमधल्या पोथ्यांत होत्या, पण बाहेर कुणाला ऐकू येत नव्हत्या.

एक गोष्ट राहिली. स्मृतिस्थळात आहे. केशोबास हे पंथातले मोठे संस्कृत पंडित, सूत्रपाठ सिद्ध करणारे. त्यांनी संस्कृतात रचना आरंभली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय सांगितलं, तर तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. आम्ही मराठीचा अभिमान वगैरे बोलतो, त्यात हे कारण कधी येत नाही. राजाने आज्ञा केली म्हणून नाही, भाषा गोड म्हणून नाही. डोमेग्रामला स्वामींच्या पुढ्यात बसून प्रश्न विचारणाऱ्या, आणि पुढे पोथी हरवल्यावर ती परत सांगणाऱ्या बायकांची जी जात, तिला कळलं पाहिजे म्हणून.

कमालपूरला कधी गेलात तर तिथे ओटे दाखवतात. स्वामी जिथे बसले, उतरले, तिथे तिथे ओटा बांधायची महानुभावांची रीत आहे. कुठलं स्थान कुठे, देऊळ कोणत्या तोंडाचं, याची नोंद ठेवणारा 'स्थानपोथी' नावाचा स्वतंत्र ग्रंथच आहे. नगर जिल्ह्याच्या जुन्या भूगोलासाठी त्याच्याइतकं कामाचं साधन कमी. पण ती बसल्या बैठकीत उरकायची गोष्ट नव्हे, पुढच्या वेळी नकाशा घेऊन येऊ. आता तुमचे प्रश्न घेऊ या. जिन्यात गाठलेले गृहस्थ आलेत ना? आधी त्यांचा.