सावकारी पाश, मुळशीची जमीन आणि रसिकांची आठवण

जुन्या चित्रपटांच्या रसिकांत ज्या चर्चा चालतात त्यांस इतिहासाचें साधन म्हणून कांहीं किंमत द्यावी, असें आमच्यांतील बहुतेक विद्वानांस वाटत नाहीं. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम श्रेष्ठ कीं गौरीची जिजाई श्रेष्ठ, ‘कुंकू’ चित्रपटांत बाजी केशवराव दात्यांनीं मारली कीं शांता आपट्यांनीं, असल्या वादांत अर्धी रात्र घालविणाऱ्या मंडळींस आपण हौशी म्हणून सोडून देतों. आपल्याकडील मूकपटांची पुढें काय दशा झाली हें ज्यास ठाऊक आहे त्यास मात्र हा तुच्छभाव परवडण्यासारखा नाहीं. मूकपटांच्या काळांत हिंदुस्थानांत तेराशेंच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतील पुरे किंवा तुकड्यातुकड्यानें उरलेले तिसांच्या घरांत भरतात. बाकीच्या फिती कांहीं कुजल्या, कांहीं जळाल्या, आणि कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं वितळवून टाकण्यांत आल्या. जें वाङ्मय छापलें गेलें त्याची एखादी तरी प्रत कोठें ग्रंथालयांत सांपडते. येथें मूळ संहिताच नाहीं. उरली आहे ती प्रेक्षकांची आठवण. आणि आठवण म्हटली म्हणजे तीस आवडनिवड आलीच.

या दृष्टीनें बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या १९२५ सालच्या मूकपटाचा विचार करण्याजोगा आहे. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. पण त्यांच्या कीर्तीचा आरंभ पुण्यांत झाला. १९२० सालीं त्यांची ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागली, ती लोकमान्य टिळकांनीं पाहिली, आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी बाबूरावांस मिळाली, ही गोष्ट पुष्कळांस माहीत आहे. पुढें पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रें काढून नांवारूपास आलेल्या या कलावंतानें एकाएकीं मुकुट, तलवारी आणि किल्ले बाजूस ठेवून एक कुणबी, त्याची जमीन आणि कागदावर अंगठा उठवून ती गिळणारा सावकार एवढाच विषय घेतला. जमीन गेलेला शेतकरी शेवटीं शहराची वाट धरतो आणि गिरणींतला मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत व्ही. शांताराम होते, त्यांचें वय तेव्हां चोविसाच्या आंतबाहेर. जो मनुष्य पुढें दिग्दर्शक म्हणून देशभर गाजला त्याची ही नटाची बाजू. पण तो नट कसा होता हें आज आपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून ठरवूं शकत नाहीं.

या चित्रास लोकांनीं फारसा आश्रय दिला नाहीं. देवांचे चमत्कार आणि मराठ्यांचे पराक्रम पहावयास सरावलेल्या प्रेक्षकांस आपल्याच शेजारचें दैन्य पडद्यावर पहावयास नको वाटलें, असें याचें कारण सामान्यतः देण्यांत येतें. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. आणि तें अपुरें कां, हें समजण्यासाठीं पुण्याच्या पश्चिमेस जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर असलेल्या मुळशी पेट्यांत त्याच वर्षांत काय घडत होतें तें पाहिलें पाहिजे.

मुळा नदीस धरण बांधून तिचें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोंकणांत भिऱ्यास सोडावयाचें, तेथें वीज उत्पन्न करावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्याकरितां मावळच्या खोऱ्यांतील अनेक गांवें आणि पिढ्यान् पिढ्या कसलेलीं भातखाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. सरकारनें १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याचा आधार कंपनीस दिला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे या लढ्यांतूनच ‘सेनापति’ म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाले. त्यांच्या बरोबरीनें विनायकराव भुस्कुटे यांचें नांव घेतलें पाहिजे. पुण्यांतील टिळकपक्षाच्या पुढाऱ्यांनीं आणि पत्रांनीं या चळवळीस पाठबळ दिलें. पुरुषांबरोबर बायकाही तुरुंगांत गेल्या. कांहीं काळ काम बंद पडलें, पुन्हां चालू झालें, आणि १९२४ च्या अखेरीस सेनापतींनीं आगगाडी अडवून पिस्तूल झाडलें, त्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्यें भिऱ्याची वीज मुंबईस मिळूं लागली.

आतां या हकीकतींतील एक अवघड बाब. मुळशी पेट्यांतील पुष्कळ जमीन कागदोपत्रीं ती कसणाऱ्या मावळ्यांच्या नांवावर नव्हतीच; कर्जापायीं ती पुण्यांतील सावकारांकडे गेलेली होती, आणि मावळे तीच जमीन खंडानें करीत होते. नुकसानभरपाईची बोलणीं निघालीं तेव्हां सावकारांस पैसा हवा होता, कसणारांस जमीन हवी होती. एकाच चळवळीच्या पोटांत हे दोन हितसंबंध होते आणि ते फार दिवस एकत्र नांदणें शक्यच नव्हतें. सावकारांनीं अखेर मोबदल्याची वाट धरली. राजेंद्र व्होरा यांनीं या सत्याग्रहाचा जो सविस्तर इतिहास लिहिला आहे त्यांत हें दुहीचें प्रकरण स्वच्छ मांडलेलें आहे. आमच्या मध्यमवर्गीय घरांत सत्याग्रहाची गोष्ट सांगतात ती सेनापतींपाशीं सुरू होते आणि सेनापतींपाशींच संपते. त्या खतपत्रांचा उल्लेख सहसा होत नाहीं.

‘सावकारी पाश’ पडद्यावर आला तो सेनापति तुरुंगांत गेल्यानंतर थोड्याच काळांत. बाबूरावांनीं मुळशी मनांत धरून हें चित्र काढलें असें मला म्हणावयाचें नाहीं. कोल्हापूर संस्थानाच्या मुलुखांतही सावकार कमी नव्हते. माझें म्हणणें प्रेक्षकांविषयीं आहे. तिकीट काढून चित्रगृहांत बसणारा पांढरपेशा वर्ग आणि खतें बाळगणारा वर्ग हे दोन निरनिराळे नव्हते. एकाच कुटुंबांत एक भाऊ सत्याग्रह फंडास वर्गणी देत असेल आणि दुसरा मुळशीकडील खंड वसूल करीत असेल. अशा घरांतील मंडळींस त्या चित्राविषयीं उत्साह वाटला नसेल तर त्याचें कारण केवळ पुराणांची गोडी हें नव्हे. तानाजीचा पराक्रम पहातांना प्रेक्षकास स्वतःस तानाजीच्या बाजूचा मानतां येतें. या चित्रांत त्यास आपली जागा कोठें हें शोधावें लागलें असेल.

रसिकांच्या आठवणींकडे परत येऊं. ‘सावकारी पाश’विषयीं जी एक आठवण वारंवार निघते ती जे. बी. एच. वाडिया यांची. वाडिया स्वतः चित्रपट काढणारे. साहसाच्या चित्रांनीं त्यांनीं पडदा गाजविला. तरीही बाबूरावांविषयीं लिहितांना ते सर्वस्वीं रसिक होतात. अंधुक उजेडांत दिसणारी एक भकास झोपडी आणि कोठेंसें कुत्र्याचें रडणें, एवढाच तो देखावा. पण तो आठवला कीं आपली तंद्री लागते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. ही आठवण १९२५ च्या चित्राची समजण्याचा मोह सहज होतो, परंतु मूकपटांत कुत्रें रडणार कसें? बाबूरावांनीं हीच कथा १९३६ मध्यें बोलपट म्हणून पुन्हां काढली. आठवण आहे ती या दुसऱ्या चित्राची. मूकपट आपणांस पुसटसा आठवतो असें वाडियांनींही सांगून ठेवलें आहे. आठवणीचें साधन वापरावयाचें तें असें, तिला दोन प्रश्न विचारून. साक्ष अस्पष्ट आहे म्हणून साक्षीदारास हांकलून देण्याचें कारण नाहीं.

त्याच १९३६ सालीं पुण्यांतील प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. प्रभात १९२९ मध्यें कोल्हापुरास स्थापन झाली आणि १९३३ मध्यें पुण्यास आली. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रानें मुंबईंत वर्षाहून अधिक मुक्काम केला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे, आणि तुकारामाच्या चेहऱ्यावरील मार्दव त्या सवयीचेंच फळ असावें. रसिकांच्या वादांत माझें मत विचाराल तर तें गौरीच्या बाजूस पडतें. नवरा अभंगांत दंग, घरांत दाणा नाहीं, पोर आजारी. तेव्हां जिजाई पायांतलें पायताण हातांत घेऊन देवळांत शिरते आणि विठोबासच जाब विचारते. हा राग नाटकी नाहीं. दाराशीं म्हैस बांधलेल्या कोणत्याही मावळी घरांत ही बाई भेटावी. आमचे एक स्नेही म्हणतात, भक्तीचें चित्र पहावयाचें आणि कौतुक मात्र भांडणाऱ्या बायकोचें करावयाचें हा कसला रसिकपणा! पण त्या चित्रांत घराचा हिशेब ठेवणारी ती एकटीच आहे.

शेतकऱ्याच्या जमिनीचा विषय मात्र पुढें आमच्या पडद्यावरून फारसा हलला नाहीं. १९५३ मध्यें बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमीनदारास गिरणीकरितां शंभूचा तुकडा हवा असतो; कर्ज फेडण्यासाठीं शंभू कलकत्त्यास जाऊन माणसांची रिक्षा ओढतो, आणि परत येतो तों त्याच्या शेतांत कारखाना उभा असतो. बलराज साहनी या सुशिक्षित नटानें भूमिकेसाठीं खरोखरीच रिक्षा ओढली. १९२५ चे शांताराम आणि १९५३ चे साहनी यांची तुलना करण्याची जुन्या रसिकांस मोठी हौस. ती एकतर्फी तुलना आहे. एकाचें काम आपण पाहतों, दुसऱ्याचें ऐकतों.

आणि मग मुळशीचेंच नांव घेऊन एक चित्र आलें. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८ मध्यें प्रकाशित झाला. हिंजवडी याच तालुक्यांत. पुण्याची वस्ती पश्चिमेस पसरली तसे येथील जमिनीचे भाव कोठल्या कोठें गेले. चित्रांतील बाप जमीन विकून बसतो, आलेला पैसा राहत नाहीं, ज्या जमिनीचा तो मालक होता तिच्यावरच राखणदार होतो, आणि शेवटीं कुटुंबास घेऊन शहरांतील बाजारांत हमाली करतो. मुलगा गुंड होतो. माझ्या वर्गांतील विद्यार्थी या चित्रांतील ओम भूतकर यांच्या भूमिकेवर लुब्ध आहेत. त्यांतील संवाद त्यांस पाठ येतात. मला मोहन जोशी यांचा बाप अधिक पटतो. मुलाच्या हातीं शस्त्र आल्यावर चित्राचा वेग वाढतो खरा, पण रक्तपातावर जितका वेळ खर्च झाला त्याच्या निम्मा जरी व्यवहाराच्या कागदावर खर्च झाला असता तर चित्र कितीतरी खोल गेलें असतें.

तरीही एक गोष्ट या चित्रानें अचूक हेरली. १९२५ च्या शेतकऱ्याची जमीन सावकारानें कपटानें घेतली, १९२१ च्या मावळ्याची सरकारनें कायद्यानें. २०१८ च्या बापानें ती आपल्या हातानें विकली. त्यास कोणी पाश घातला नव्हता, निदान दिसेल असा तरी नव्हता. म्हणूनच मुलाचा राग दलालावर निघण्यापूर्वीं बापावर निघतो, आणि तो बापाला ऐकून घ्यावा लागतो.

पुण्यांत प्रभातच्या जागेवर १९६० मध्यें फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. पी. के. नायर यांनीं जन्मभर हिंडून फिती जमविल्या. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रांचे जे तुकडे आज पहावयास मिळतात ते त्यांच्या खटाटोपाचें फळ. जानेवारी २००३ मध्यें तेथील ज्वालाग्राही फितींच्या कोठारास आग लागून अनेक जुनीं चित्रें नष्ट झालीं. ‘मुळशी पॅटर्न’ला ही भीति नाहीं; त्याच्या प्रती घरोघर आहेत. २०२१ मध्यें महेश मांजरेकर यांनीं त्यावरून ‘अंतिम’ हें हिंदी चित्र काढलें. त्यांत सलमान खान आणि आयुष शर्मा यांचीं कामें आहेत, आणि तें देशभर पाहिलें गेलें. नांवांतून मात्र मुळशी गेली.