'कर्ल' कोण कोण वापरतं? यादी मोठी आहे, पण ती नीट वाचायला हवी

ॲप उघडलं की फोटो येतो, गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा अपडेट होतो. इंटरनेटवरून माहिती आणायचं आणि पाठवायचं हे काम अनेकदा 'लिबकर्ल' नावाची लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे इथे आयता कोड. तो घ्यायचा आणि आपल्या सॉफ्टवेअरला जोडायचा.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये 'कर्ल' आणलं. ते फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कुणीही बघू शकतं, वापरू शकतं. विंडोज आणि मॅकमध्ये ते आधीपासूनच असतं. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या नासाच्या 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टरच्या मोहिमेतही ते वापरलं गेलं.

कर्लच्या वेबसाइटवर ते वापरणाऱ्या कंपन्यांची लांबलचक यादी आहे. पण गंमत अशी की वापरण्याआधी कंपनीला कुणाला विचारावं लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. अट एवढीच, की कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायची. त्यामुळे मॅन्युअलमध्ये किंवा लायसन्सच्या पानावर उल्लेख सापडला, की कळतं हे कर्ल वापरतात. म्हणजे यादीतलं नाव हा वापराचा पुरावा झाला. कंपनी मदत करते असा त्याचा अर्थ होत नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो बघा. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या दुसऱ्याच लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. ती आपल्याकडे कुठे कुठे आहे, हेच अनेक कंपन्यांना माहीत नव्हतं. धावपळ उडाली. जानेवारीत एका बड्या कंपनीने स्टेनबर्गना ईमेल करून २४ तासांत उत्तरं मागितली. या कंपनीने कर्लला एक पैसाही दिलेला नव्हता, आणि कर्लमध्ये लॉगफोरजे नव्हतंच! स्टेनबर्ग यांचं उत्तर: आधी सपोर्टचा करार करा, मग आनंदाने सांगतो.

कर्लचं काम पगारावर पूर्णवेळ करणं त्यांना २०१९ पासून जमलं, म्हणजे सुरुवातीनंतर वीसेक वर्षांनी.

तुमच्या फोनमध्येही शोधता येईल. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात कायदेशीर माहिती किंवा ओपन सोर्स लायसन्स. भलंमोठं पान उघडतं. त्यात स्टेनबर्ग यांचं नाव आणि ईमेल दिसू शकतो. तो बघून काही लोकांनी त्यांना चक्क आपल्या गाडीच्या स्क्रीनच्या तक्रारी पाठवल्या आहेत.