सुरीच्या छेदातला इतिहास

'ईगोरच्या स्वारीची गाथा' या प्राचीन रशियन काव्यात, ढाली न घेता केवळ बुटात खोचलेल्या सुऱ्यांनिशी आणि रणगर्जनेच्या बळावर शत्रुसैन्याला हरवणाऱ्या वीरांचा उल्लेख येतो. इ. स. ११८५ मधील एका फसलेल्या स्वारीवरचे हे काव्य १८०० मध्ये प्रथम छापले गेले, आणि 'रशियन सुरी' म्हटले की वीरांच्या बुटातली हीच सुरी रसिकांच्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली. ती लोहाराच्या ऐरणीवर कशी घडली, हे मात्र काव्य सांगत नाही. त्यासाठी आपल्याला नोव्हगोरोदच्या चिखलात उतरावे लागते.

उत्तर रशियातील या नगरात १९५१ ते १९६२ या काळात मोठे उत्खनन झाले. ओलसर मातीत लाकूड कुजत नाही. त्यामुळे एकावर एक रचलेले रस्त्यांचे लाकडी थर शाबूत राहिले, आणि ओंडक्यांतील वार्षिक वलये मोजून प्रत्येक थराचा काळ ठरवता आला. अशा कालनिश्चित थरांतून शेकडो सुऱ्या मिळाल्या. पुरातत्त्वज्ञ बोरीस कोलचिन यांनी त्यांचे छेद घेतले, ते घासून गुळगुळीत केले, आम्लाने उजळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या सुऱ्या आतून वेगळ्या निघाल्या.

दहाव्या-अकराव्या शतकांतील सुरीचे पाते बहुधा तीन थरांचे असे. मधोमध पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. हे तिन्ही तुकडे भट्टीत पांढरे होईस्तोवर तापवायचे आणि घणाखाली एकजीव करायचे. ताप कमी पडला तर सांधा धरत नाही, अधिक झाला तर पोलादातला कर्ब जळून जातो. पुढे पात्याला पाणी दिले की पोलाद कडक होते आणि अंगचे लोखंड मऊ, चिवट राहते. अशी सुरी कितीही घासली तरी मधले पोलाद धारेवर येतच राहते. पाते झिजून संपेपर्यंत धार संपत नाही.

बाराव्या शतकापासून ही रीत मागे पडू लागली. लोहार आता लोखंडाचे पाते करून त्याच्या धारेच्या कडेलाच पोलादाची चिंचोळी पट्टी सांधू लागला. पोलाद कमी लागे, श्रमही वाचत. मात्र ती पट्टी झिजली की हातात उरे ते नुसते लोखंड.

याला कसबाचा ऱ्हास म्हणावे काय? कोलचिन यांनी तसे म्हटले नाही. लोहार मागणीबरहुकूम काम सोडून बाजारासाठी माल करू लागला, असा अर्थ त्यांनी लावला. पुढील संशोधकांनी त्याच छेदांचे आणखी एक वाचन पुढे ठेवले. त्यांच्या मते तीन थरांची रीत स्कँडिनेव्हियाच्या लोहारपरंपरेशी निगडित होती, आणि तो संपर्क ओसरला तशी तीही ओसरली. म्हणजे जिला अस्सल रशियन मानावे, त्या जुन्या सुरीच्या घडणीतच परक्या परंपरेचा धागा असू शकतो. पुरावा एकच, वाचने दोन. साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही.

आम्हाला येथे एक साम्य महत्त्वाचे वाटते. याच मातीतून आजवर अकराशेहून अधिक भूर्जपत्रे मिळाली आहेत. त्यांत ग्रंथकर्त्यांचे लेखन फारसे नाही. उधारीचे हिशेब, घरातली कामे, तक्रारी, क्वचित प्रेमाचे शब्द असे सारे नित्याचे लेखन आहे. चर्मपत्रावरील ग्रंथांपुढे ते किरकोळ ठरावे. तरीही ईगोरची गाथा अस्सल की बनावट या जुन्या वादात भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी २००४ मध्ये गाथेच्या अस्सलपणाची बाजू भक्कम केली, ती मुख्यतः या किरकोळ लेखनातून उलगडलेल्या व्याकरणाच्या आधारे.

स्वस्त सुरीकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. ती वीराच्या बुटात शोभली नसेल, पण मासे साफ करायला, चामडे कापायला, लाकूड तासायला ती घरोघर होती. परंपरेचा उत्कर्ष केवळ सर्वोत्तम नमुन्यावरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. साहित्येतिहासही आपण बहुधा तसाच लिहितो. नोव्हगोरोदच्या सुऱ्या दुसरे एक माप सुचवतात : एखादी वस्तू किती उत्तम घडली यासोबतच ती किती हातांत पोहोचली, हेही विचारले पाहिजे. आणि ज्या रूपाला आपण 'पारंपरिक' म्हणतो ते कोणत्या शतकातले, हा प्रश्न तर आधीच विचारला पाहिजे.