प्रवराकांठचा मुलूख : थोडा इतिहास, थोडा भूगोल

कोणत्याही धर्मग्रामाचा इतिहास केवळ मंदिराच्या कोनशिलेपासून सुरू होत नाहीं. ज्या भूमीवर तें मंदिर उभें राहिलें, तिचे डोंगर, तिची नदी व तिचें पर्जन्यमान यांनीं तेथील माणसांचें जीवित आधींच पुष्कळसें घडविलेलें असतें. आपला मुलूख प्रवरेचा. तेव्हां ह्या महोत्सवाच्या प्रसंगीं त्या नदीचा वृत्तान्त सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रवरा अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. उत्तरेस कळसूबाईचें ५४०० फूट उंचीचें शिखर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, दक्षिणेस हरिश्चंद्रगड. त्या गडाकडून येणारी मुळा राहुरीच्या खालीं प्रवरेस मिळते, आणि पुढें प्रवरासंगम येथें दोघींचें पाणी गोदावरींत जातें. नकाशावर हें सर्व सरळ दिसतें. परंतु ह्या खोऱ्याचें मर्म पावसांत आहे. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीस दीडशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पन्नास मैलांच्या आंत असलेल्या संगमनेरास वीस इंचांचीही शाश्वती नाहीं.

तरीही वस्ती येथें अति प्राचीन आहे. संगमनेरजवळील जोर्वे येथें १९५०-५१ मध्यें उत्खनन झालें, आणि तेथील रंगीत मृत्पात्रांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस ह्या लहानशा गांवाचें नांव मिळालें. श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबादेस १९७४ मध्यें रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार भरीव धातुमूर्ती सांपडल्या. त्यांचें एकूण वजन ६० किलोहून अधिक आहे. जोर्वे संस्कृतीच्या वसाहती पुढें ओस पडल्या, त्यास पर्जन्याची घट कारण झाली असावी असें कित्येक संशोधक मानतात. म्हणजे पाण्याची विवंचना येथें कांहीं आजकालची नव्हे. ह्याच नदीच्या तीरीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, हें कोणा मराठी वाचकास सांगावयास नको. राजवटी आल्या, गेल्या. अकोल्याच्या डोंगरांतील राघोजी भांगरे यांस इंग्रजांनीं १८४८ मध्यें ठाण्यास फांशी दिलें. तो विषय निराळा व मोठा आहे.

आपल्या समाजाचा संबंध येतो तो दुष्काळापासून. १८७६-७८ चा दुष्काळ दख्खनेस भीषण गेला. त्याच सुमारास येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं राहुरी तालुक्यांतील केंदळ येथें कार्यास आरंभ केला. त्यांच्याकडे आले ते बहुतांशीं भूमिहीन लोक. गांवाबाहेर राहणारे, गांवच्या विहिरीस हात लावण्याची ज्यांस मनाई होती असे. भाकरीसाठीं आले, असें त्यांस हिणविणारे तेव्हांही होते. भुकेल्यानें भाकर मागावी यांत उणें तें काय? आणि भाकरीनंतरही ते राहिले, हें हिणविणाऱ्यांनीं ध्यानांत घेतलें नाहीं. १९१४ चें महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनें जर्मन धर्मगुरूंस कार्यापासून दूर केलें. तरी ह्या नव्या मंडळ्या मोडल्या नाहींत.

नदीस बांध पडला तो १९२६ मध्यें. भंडारदऱ्याचें धरण त्या वर्षीं पूर्ण झालें आणि गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. उंची सुमारें २७० फूट, बांधकाम दगडी. ओझरच्या बंधाऱ्यापासून दोहों बाजूंस कालवे निघाले, ऊंस वाढला, साखर कारखाने निघाले. १९५० मध्यें प्रवरानगरास शेतकऱ्यांनीं स्वतःचा सहकारी कारखाना उभारला. हरेगांवची मतमाउलीची यात्रा, जीस दर सप्टेंबरांत आपण जातों, ती ह्याच ऊंसाच्या मुलुखांत भरते. परंतु कालवा उताराचें ऐकतो, गरजेचें नव्हे. ज्या डोंगरांवर पाऊस पडला, तेथील महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्यांस चैत्र-वैशाखांत हंडा घेऊन दूर जावें लागे. आणि कालव्याच्या वरच्या अंगास असलेलीं संगमनेरचीं कोरडवाहू गांवें कोरडींच राहिलीं.

तेथें एका धर्मगुरूचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर १९४८ मध्यें भारतांत आले व ह्या जिल्ह्यांत राबले. धरणाची वाट न पाहतां, पडेल तो थेंब पडेल तेथेंच मुरवावा, हा त्यांचा मार्ग. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर खणावयाचे, बांध घालावयाचे, झाडें लावावयाचीं, मोकाट चराई बंद करावयाची, आणि हें सर्व गांवानें श्रमदान देऊन करावयाचें. चर खणणें सोपें; शेळ्या बांधावयास लावणें कठीण, कारण ज्याजवळ शेतच नाहीं त्याची शेळी हीच शेती. म्हणून आधीं साऱ्या गांवाचें एकमत व्हावें लागे. संगमनेर तालुक्यांतील मेंढवण व दरेवाडी हीं त्याचीं उदाहरणें होत. दरेवाडींत हें काम १९९६ पासून झालें. फादर बाखर सप्टेंबर २०२१ मध्यें निवर्तले.

त्यानंतर दोन वर्षांनीं, २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं, निळवंडें धरणाच्या डाव्या कालव्यांत पाणी सोडण्याचा समारंभ झाला. त्या प्रकल्पास मंजुरी मिळाली होती १९७० मध्यें.