बाळूंची फिरकी आणि कर्णधारपद

शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावर ठरत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२पासून मुसलमान. नाव चौरंगी सामने. कोण कुणाचा, हे टॉस होण्याआधीच ठरलेलं. पण एका घराची कहाणी सांगते की, संघाच्या आतही भिंती होत्या.

बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात. आधी पारशांच्या क्लबात आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करायची, नेट लावायचं, ही कामं. तिथं ग्रेगसाहेबांना तासन् तास चेंडू टाकता टाकता डावखुरी फिरकी घडली. फलंदाजीची संधी मात्र जवळजवळ नाहीच.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही, यावर खल झाला. अखेर घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं. गरज होती म्हणून मैदान उघडलं, पंगत नाही.

पुढे ते मुंबईला आले. १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान एका संघात. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते.

एवढं करूनही कर्णधारपद दूरच. १९२०मध्ये बाळूंना वगळलं आणि कर्णधारपदाचा वाद पेटला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. शेवटी तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानं युरोपियनांना हरवलं. ज्या संघानं थोरल्याला पंगतीबाहेर बसवलं, त्याच संघापुढे आता धाकटा चालत होता.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५मध्ये ते गेले. नंतर बरीच वर्षं त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. २००२मध्ये रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथानं ते पुन्हा लोकांसमोर आणलं.

गुण असला की सगळं आपोआप मिळतं, असं आपण मुलांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. बाळूंच्या बळींनी त्यांना मैदान मिळवून दिलं. मान मात्र तेव्हा मिळाला, जेव्हा दोन भाऊ म्हणाले, आम्ही खेळत नाही.