जॉन्सन, फ्रँक मिनिस

(३० ऑक्टोबर १९१८ – २३ जुलै १९९९). अमेरिकन संघीय न्यायाधीश. अलाबामा राज्यातील वर्णभेदाची कायदेशीर चौकट त्यांच्या निकालांनी खिळखिळी केली. जन्म विन्स्टन परगण्यात. यादवी युद्धात राज्य फुटून निघाले, तेव्हा या डोंगराळ भागाने त्याला विरोध केला होता. जॉन्सन यांचे कुटुंब रिपब्लिकन, म्हणजे त्या काळच्या अलाबामात अल्पसंख्यच. अलाबामा विद्यापीठातून त्यांनी १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. पुढे गव्हर्नर म्हणून वर्णभेदाचा कैवार घेणारा जॉर्ज वॉलेस त्यांचा तिथला सहाध्यायी. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत ते जखमी झाले. युद्धानंतर वकिली आणि दोन वर्षे संघीय सरकारी वकिली केल्यावर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगमेरीच्या संघीय जिल्हा न्यायालयावर नेमले. हे न्यायालय खटला प्रथम चालवणारे, आणि तिथली नेमणूक तहहयात. मतांसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, याचा जॉन्सन यांनी पुरेपूर उपयोग केला.

बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा न देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगमेरीतील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला होता. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठावरील जॉन्सन व रिचर्ड राइव्ह्ज यांनी बसमधील वेगळ्या आसनांचा कायदा घटनाबाह्य ठरवला. तिसऱ्या न्यायाधीशाने भिन्नमत नोंदवले. जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँबहल्ला झाला, त्यातून ती बचावली. टस्कीगीच्या कृष्णवर्णीय मतदारांना शहराच्या हद्दीबाहेर ढकलणारी सीमारेषा मात्र त्यांनी रद्द केली नाही. ते काम १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला करावे लागले. मार्च १९६५ मध्ये मतदानहक्कासाठीचा सेल्मा–माँटगमेरी मोर्चा त्यांनी आधी सुनावणीपर्यंत रोखला, मग त्याला परवानगी दिली. निदर्शनाचा हक्क अन्यायाच्या प्रमाणात मोजावा, हा त्यांचा युक्तिवाद तेव्हा धाडसाचा होता.

त्यांचे खरे वेगळेपण नंतरच्या हुकुमांत दिसते. सक्तीने दाखल केलेल्या मनोरुग्णाला उपचाराचा हक्क आहे, असे १९७१ मध्ये ठरवून ते थांबले नाहीत. आठ रुग्णांमागे एक शौचकूप, एका खोलीत जास्तीत जास्त सहा रुग्ण, असे तपशील त्यांनी पुढच्या वर्षी घालून दिले. १९७६ मध्ये तुरुंगांबाबतही तेच: एका कोठडीला किमान ६० चौरस फूट. न्यायाधीश राज्यकारभार हाकू लागला, अशी टीका झाली. तिच्यात तथ्य होते. पण आपली रुग्णालये आणि तुरुंग राज्यानेच वाऱ्यावर सोडले होते.

१९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडले, परंतु प्रकृतीमुळे त्यांनी माघार घेतली. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयावर गेले. १९९५ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. मनोरुग्णालयांचा खटला त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, २००३ मध्ये निकाली निघाला.