अभिरूप न्यायालय आणि मराठवाड्यातील साक्षीची भाषा

हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी वकील, आरोपी व साक्षीदार होऊन कल्पित खटला चालवावयाचा, या शिक्षणपद्धतीस अमेरिकेत स्पर्धेचे रूप आले. तेथील राष्ट्रीय स्पर्धा १९८४ साली सुरू झाली. मराठीत या प्रकारास ‘अभिरूप न्यायालय’ म्हणतात. हे नाव सर्वपरिचित केले ते कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने नव्हे, तर विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाने. तेथे खेड्यात प्रयोगासाठी आलेल्या हौशी मंडळींचा लुटुपुटीचा खटला एका शिक्षिकेवर खराच उलटतो. विधिमहाविद्यालयांतील युक्तिवाद-स्पर्धेत साक्षीदार नसतो, केवळ कायद्याचा मुद्दा असतो. शालेय खटल्याचा प्राण मात्र साक्ष हाच होय. आणि साक्ष म्हटली की ती कोणत्या भाषेत, हा प्रश्न आलाच.

मराठेशाहीतील गोतसभेपुढे वादी तो ‘अग्रवादी’ व प्रतिवादी तो ‘पश्चिमवादी’ असे. उभयतांच्या ‘तकरीरा’ लिहून घेतल्या जात, निवाडा मान्य राहील असा ‘राजीनामा’ घेतला जाई, आणि शेवटी सभासदांच्या साक्षीनिशी ‘महजर’ होई. (राजीनामा म्हणजे संमतिपत्र, पदत्यागाचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.) संस्कृत व फारसी शब्द या कागदांत शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यात कोणास विसंगती वाटलेली दिसत नाही.

पुढे मात्र वाटा फुटल्या. मुंबई इलाख्यातील मोफसल न्यायालयांत मराठी चालत असल्यामुळे ‘सरतपासणी’, ‘उलटतपासणी’, ‘फेरतपासणी’ असे शब्द तेथे वापराने रुळले. हैदराबाद संस्थानात १८८४ साली फारसीची जागा उर्दूने घेतली. शिरूर अनंतपाळचा परिसर तेव्हा बीदर जिल्ह्यातील निलंगे भागात मोडे. तेथील शेतकरी घरी मराठी बोले. कचेरीत तो ‘मुद्दई’ वा ‘गवाह’ होई आणि त्याची ‘जिरह’ होई. त्याचे म्हणणे कागदावर उतरे ते दुसऱ्याच्या भाषेत. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली निलंगे तालुका मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ साली निघाली. तथापि राजभाषेची परिभाषा बव्हंशी संस्कृतप्रचुर घडली. म्हणजे मराठवाड्यातील पक्षकारास एका अनोळखी शब्दावलीतून सुटून दुसरीत शिरावे लागले. ही दुसरी त्याच्याच भाषेच्या नावाने आली, एवढाच फरक.

अभिरूप न्यायालयाच्या संहिता लिहिणारांनी ही गोष्ट ध्यानी घेतलेली बरी. न्यायाधीशाच्या तोंडी ग्रांथिक मराठी शोभते, वकिलाच्या तोंडी खपते. परंतु साक्षीदाराचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यास ‘घटनास्थळी मी उपस्थित होतो’ असे वाक्य पाठ करावयास दिले की उलटतपासणी तेथेच संपते. पाठ केलेल्या वाक्यास प्रश्न विचारता येत नाही. विचारलाच, तर तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. उलटतपासणी चालते ती बोलण्यातील फटींवर: ‘बांधापाशी’ की ‘बांधावर’, ‘दिसला’ की ‘दिसल्यावानी वाटला’. असे भेद बोलीत सूक्ष्म असतात आणि पुष्कळदा निकाल त्यांवरच फिरतो. शिरूर अनंतपाळसारख्या गावच्या शाळेने असा खटला उभा करावयाचा झाल्यास साक्षीदारास केवळ घटनेची टिपणे द्यावीत. वाक्ये त्याची त्याने बोलावीत. गुण देणाऱ्या परीक्षकाने त्यात ‘अशुद्ध’ भाषेचे गुण वजा करू नयेत. प्रत्यक्ष न्यायालयात तरी साक्षीदाराचे व्याकरण कोण तपासतो?